अ‍ॅग्रो डेक लोकांना इतका का आवडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘समोरचा काही विचार न करता मारत सुटतो आणि तरी जिंकतो’ ही तक्रार आणि ‘मला असंच खेळायला आवडतं, त्यात काही गैर आहे का?’ ही शंका, ‘हार्थस्टोन’, ‘मॅजिक’सारख्या पत्त्यांच्या खेळांबद्दल दोन्ही सारख्याच नेमाने येतात. दोघांना एकाच ठिकाणी उत्तरं मिळावीत म्हणून हे पान. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, आडवळणाचे शेवटी. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅग्रो डेक म्हणजे नेमकं काय?

समोरच्याचा डाव बसण्याआधी त्याचं लाइफ शून्यावर आणायचं, एवढ्या एका हेतूने बांधलेला डेक. त्यात कमी मनाचे (मना म्हणजे पत्ता खेळण्याची किंमत) पत्ते भरपूर असतात आणि महागडे जवळजवळ नसतातच. ‘हार्थस्टोन’मध्ये हिरोचं लाइफ ३० आणि डेक ३० पत्त्यांचा, ‘मॅजिक’मध्ये लाइफ २० आणि डेक किमान ६० पत्त्यांचा. आकडे वेगळे असले तरी बेत तोच: पहिल्या टर्नपासून दर टर्नला थोडं थोडं नुकसान, आणि शेवटचा घाव हातातल्या स्पेलने (मंत्राच्या पत्त्याने). याच्या विरुद्ध टोकाला कंट्रोल डेक. तो आधी तग धरतो आणि उशिरा, मोठ्या पत्त्यांवर जिंकतो. मधल्या जागेत मिडरेंज.

२. हे लोक माझ्या मिनियनकडे बघतसुद्धा नाहीत, थेट फेसला, म्हणजे हिरोलाच, मारतात. असं का?

कारण मिनियनला (बोर्डवर उतरवलेल्या योद्ध्याला) मिनियनने मारायची, म्हणजे ट्रेड करायची, जबाबदारी ते तुमच्यावर ढकलत असतात. त्यांनी तुमच्या हिरोला मारलं की पुढच्या टर्नला प्रश्न तुमच्यापुढे असतो: मीही मारू, की आधी जीव वाचवू? लाइफ कमी असेल तर तुम्हाला ट्रेड करावाच लागतो. म्हणजे ट्रेड होतोच, फक्त त्याची किंमत तुमच्या टर्नमधून वसूल होते.

दुसरं कारण साधं गणित. पहिल्या टर्नला खेळलेला २ अटॅकचा मिनियन पाचव्या टर्नपर्यंत जगला, तर चार वेळा मारून ८ नुकसान करतो, तेही एका मनात. तोच पत्ता पाचव्या टर्नला हातात आला तर जेमतेम दोन. वेगवान डेकमधला पत्ता दर टर्नला शिळा होत जातो, म्हणून थांबणं त्यांना परवडत नाही.

अर्थात, कधीच ट्रेड न करणारा अ‍ॅग्रो खेळाडू बहुतेक वेळा खालच्या रँकवरच अडकलेला दिसतो. का, ते प्रश्न १२ मध्ये.

३. पण यात मजा ती काय? पाच मिनिटांत खेळ खलास!

पाच मिनिटांत खलास होतो हीच अर्धी मजा. उरलेली अर्धी जरा सविस्तर सांगायला हवी.

पहिली गोष्ट, विषय कोणी काढायचा हे तुम्ही ठरवता. कंट्रोल डेक घेऊन बसलेला माणूस बराच वेळ समोरच्याच्या चालीला उत्तरं देत असतो. उत्तर हातात नसेल तर नुसता बघत बसतो. अ‍ॅग्रोवाला पहिल्या टर्नपासून काहीतरी मांडतो. आपल्या हातून काही घडतंय ही भावना खेळात फार मोठी असते, आणि ती इथे ताबडतोब मिळते.

दुसरी, प्रगती डोळ्यांना दिसते. ३० चे २८, २८ चे २३, २३ चे १६. लांबणाऱ्या डावात आपण पुढे आहोत की मागे हे कळायलाच कसब लागतं. इथे आकडा पडद्यावर असतो.

तिसरी गोष्ट हरण्याबद्दलची आहे आणि तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. वीस मिनिटं झुंजून शेवटच्या टर्नला हरलात की दिवस खराब होतो. चार मिनिटांत हरलात तर तुम्ही पुढचा डाव सुरूही केलेला असतो. त्या पराभवात तुम्ही फार काही ओतलेलं नसतं. जिंकण्यापेक्षा हे स्वस्तात हरणंच अनेकांना अ‍ॅग्रोकडे ओढतं, असं माझं मत आहे. (एका डावानंतर दुसरा, मग तिसरा, हे थांबत नसेल तर प्रश्न १४ पाहा.)

आणि चौथी म्हणजे शेवटचे दोन टर्न. समोरच्याचं लाइफ ३, तुमचा हात रिकामा, डेकमध्ये १८ पत्ते उरलेत आणि त्यातले ५ असे की आला की डाव संपला. पुढच्या एका पत्त्यावर शक्यता साधारण २८ टक्के. एक टर्न जास्त तग धरलात तर दोन पत्त्यांत मिळून ४९ टक्के. पत्ता उलटताना छातीत जे होतं, त्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात. आणि तो एक जास्तीचा टर्न मिळवण्यासाठी आधी काय काय केलं होतं, हे फक्त खेळणाऱ्याला माहीत असतं. समोरच्याला वाटतं, नशीब.

४. रँक लवकर चढायला हाच डेक बरा, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण अट आहे. समजा अ‍ॅग्रो डेकने तुमचे १०० पैकी ५४ डाव जिंकून होतात आणि एक डाव ५ मिनिटांचा आहे. कंट्रोलने ५७ जिंकता, पण डाव १२ मिनिटांचा. तासाला अ‍ॅग्रोचे १२ डाव होतात आणि कंट्रोलचे ५. विजयातून पराभव वजा केले तर तासाला अ‍ॅग्रोची कमाई ०.९६ आणि कंट्रोलची ०.७०. शेकडा कमी जिंकूनही वेगवान डेक पुढे.

आता ५४ च्या जागी ५१ घाला. कमाई थेट ०.२४ वर येते. वेग कमाईला गुणतो. मुळात कमाईच नसेल तर गुणून काही हाती लागत नाही. ५० च्या खाली असाल तर अ‍ॅग्रो तुम्हाला वेगाने खाली नेतो, इतकंच.

‘रोज अमुक डाव जिंका’ छापाच्या क्वेस्टसाठी मात्र वाद नाही. वरच्याच उदाहरणात तासाला साधारण साडेसहा विजय विरुद्ध तीनही नाहीत.

५. हे बिनडोक खेळणं नाही का?

वाचकांच्या दोन्ही गटांना दुखावणारं उत्तर देतो: सुमार खेळायला अ‍ॅग्रो सगळ्यात सोपा, आणि उत्तम खेळायला सोप्यांपैकी मुळीच नाही. इथे विचार आधी करावा लागतो. डेक बांधताना, पहिला हात ठेवताना आणि ‘मी कोणत्या टर्नला जिंकणार’ हे दुसऱ्या-तिसऱ्या टर्नलाच ठरवताना.

एक प्रसंग घ्या. ‘हार्थस्टोन’मध्ये तुम्ही हंटर (एक हिरो) आहात, पाचवा टर्न, ५ मना. समोरच्याचं लाइफ १४. बोर्डवर तुमचे मिळून ५ अटॅक, त्यातला एक मिनियन बीस्ट (प्राणी) जातीचा. हातात ‘किल कमांड’ (३ मना, ३ नुकसान, बीस्ट असेल तर ५) आणि ३ मनाचा एक मिनियन. हिरो पॉवर, म्हणजे हिरोची दर टर्नला वापरता येणारी ताकद, २ मनात २ नुकसान करते.

नवखा माणूस ‘किल कमांड शेवटच्या घावासाठी ठेवू’ म्हणतो, मिनियन उतरवतो आणि हिरो पॉवर वापरतो. ५ अधिक २, लाइफ ७. समोरचा बोर्ड साफ करतो. बीस्ट गेला, किल कमांड ३ वर आलं. पुढच्या टर्नला हिरो पॉवर धरून ५. दोन कमी पडले, आणि ते दोन नंतर कधीच मिळत नाहीत.

मुरलेला खेळाडू किल कमांड आत्ताच टाकतो. ५ अधिक ५ अधिक २, म्हणजे १२. लाइफ २ उरलं. आता समोरच्याने बोर्ड साफ केला काय आणि टॉन्ट (आधी मलाच मारा म्हणणारा मिनियन) लावला काय, हंटरची हिरो पॉवर टॉन्टला जुमानत नाही. पुढच्या टर्नला डाव संपला.

पण समोर प्रीस्ट असेल तर? त्याची हिरो पॉवर २ लाइफ परत देते. म्हणजे ४ उरतील आणि तुमचा हिशेब चुकेल. मग मिनियन उतरवणं बरोबर ठरू शकतं. त्याच्या हातात किती पत्ते आहेत, मागच्या टर्नला त्याने मना का वाया घालवला, असे प्रश्न सुरू होतात. बिनडोक म्हणणाऱ्यांनी हा टर्न ७५ सेकंदांत सोडवून बघावा.

६. नवीन खेळाडूंना अ‍ॅग्रोच का सुचवतात?

स्वस्त पडतो म्हणून. वेगवान डेकची बहुतेक कामं साध्या, सहज मिळणाऱ्या पत्त्यांवर भागतात. दुर्मिळ पत्ते साधारणपणे मोठे आणि महागडे असतात, आणि असले पत्ते या डेकला नकोच असतात. अपवाद आहेत. ‘लीरॉय जेंकिन्स’ हा लेजेंडरी पत्ता ‘हार्थस्टोन’च्या अनेक अ‍ॅग्रो डेकचा शेवटचा घाव होता. २०१४ मध्ये तो ४ मनावरून ५ वर नेला, तरी लोकांनी सोडला नाही.

७. पहिल्या हातात काय ठेवायचं?

पहिल्या-दुसऱ्या टर्नला खेळता येईल ते. बाकीचं परत, कितीही देखणं असो. ‘मॅजिक’च्या ६० पत्त्यांच्या डेकमध्ये एका मनाचे फक्त ४ पत्ते असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातला एकतरी असण्याची शक्यता ४० टक्के. १२ ठेवलेत तर ८१, १६ ठेवलेत तर ९०. डेकमध्ये एका मनाच्या क्रिएचरची (‘मॅजिक’मधल्या मिनियनची) गर्दी का असते, त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

समोर कंट्रोल डेक आहे हे कळलं असेल, तर बोर्ड साफ झाल्यावर पुन्हा भरणारा एखादा पत्ता ठेवायला हरकत नाही. त्यापलीकडे नाही.

८. आधी खेळायला मिळणं इतकं महत्त्वाचं असतं का?

अ‍ॅग्रोसाठी हो. आधी उतरलेला मिनियन आधी मारतो, आणि ट्रेड करायचा की फेसला जायचं ही निवड त्याच्याकडे राहते. म्हणूनच बहुतेक गेमनी दुसऱ्या खेळाडूला काहीतरी भरपाई दिली आहे. ‘हार्थस्टोन’मध्ये एक जास्तीचा पत्ता आणि एका टर्नपुरता एक मना देणारं नाणं. ‘मॅजिक’मध्ये पहिला खेळाडू पहिल्या टर्नला पत्ता उचलत नाही. ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये पहिल्याला पहिल्या टर्नला एनर्जी मिळत नाही, त्यामुळे तिथे दुसरा असणंच अनेक वेगवान डेकना सोयीचं. नाणं मात्र दुधारी आहे: अ‍ॅग्रोवाला दुसरा असला तरी पहिल्याच टर्नला दोन मनाचा मिनियन उतरवू शकतो.

९. हा प्रकार डिजिटल गेमनीच आणला ना?

नाही, कागदी ‘मॅजिक’मधून आला. तो खेळ १९९३ चा. १९९६ साली अटलांटातल्या प्रो टूर पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय यांनी एक लाल डेक खेळला, जो जे श्नायडर यांनी बांधला होता. त्यातले काही पत्ते इतके सामान्य होते की बघणाऱ्यांना थट्टा वाटावी. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ घ्या: दोन मनाचा २/२ (ताकद २, जीव २) क्रिएचर, आणि वर ही खोट की २ किंवा जास्त ताकदीच्या क्रिएचरला तो ब्लॉक करू शकत नाही. पण ज्याला ब्लॉक करायचंच नाही, त्याच्या लेखी ही खोट कसली? दर टर्नला मना पूर्ण वापरला जावा, अशी पत्त्यांची चढती मांडणी या डेकने रूढ केली. आज ज्याला आपण मना कर्व्ह म्हणतो तीच ही. लाल अ‍ॅग्रोला जुने लोक अजून ‘स्लाय’ म्हणतात.

१०. मग डिजिटलमध्ये तो इतका जास्त का दिसतो?

लॅडरमुळे, म्हणजे रँकच्या शिडीमुळे. मोबाइलवर मधल्या वेळात खेळणारा माणूस छोटा डाव शोधतो, आणि रँक किती डाव खेळलात त्यावरही चालते (प्रश्न ४). शिवाय ‘मॅजिक अरीना’वर (‘मॅजिक’च्या डिजिटल रूपावर) बरेच लोक एकाच डावाचा प्रकार खेळतात. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर साइडबोर्डमधून (बाजूला ठेवलेल्या राखीव पत्त्यांतून) अ‍ॅग्रोविरोधी पत्ते आत आणता येतात. एका डावात ती सोय नाही. त्यातच या प्रकारात सुरुवातीचा हात वाटताना गेम पडद्यामागे एकापेक्षा जास्त हात काढून बघतो आणि लँडचं (मना देणाऱ्या पत्त्यांचं) प्रमाण डेकशी जुळणाऱ्या हाताकडे झुकतो. त्यामुळे मोजके लँड घेऊन खेळणाऱ्या अ‍ॅग्रो डेकचा पहिला हात सहसा दगा देत नाही.

बेरीज-वजाबाकी, टोकन, काउंटर गेम स्वतःच सांभाळतो, हेही आहेच.

११. समोरच्याने बोर्ड साफ केला आणि माझा हात रिकामा. आता?

हे होणारच, म्हणून तयारी दोन टर्न आधी करायची. बोर्डवर पुरेसा मार असेल तर हातातले शेवटचे एक-दोन मिनियन राखून ठेवा. समोरच्याने एका पत्त्यात चार मारले तर तुमचं नुकसान, एका पत्त्यात दोनच मारले तर फारसं बिघडत नाही. ‘हार्थस्टोन’मधला वॉरलॉक यासाठीच अ‍ॅग्रोवाल्यांचा लाडका: त्याची हिरो पॉवर दोन मना आणि दोन लाइफच्या बदल्यात दर टर्नला पत्ता देते, आणि त्याचा ‘झू’ डेक याच जोरावर चालला. आपलं लाइफ हा खर्च करायचा पैसा आहे, हे एकदा पटलं की हा डेक उलगडतो.

१२. दोन अ‍ॅग्रो डेक समोरासमोर आले तर?

मग एकाला कंट्रोल व्हावं लागतं, आणि कोणाला हे ओळखण्यात डाव जातो. माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये मांडलेला हा मुद्दा अजून जुना झालेला नाही. ढोबळ नियम असा: ज्याचा डेक जास्त वेगवान किंवा ज्याच्या हातात बर्न (थेट नुकसान करणारे स्पेल) जास्त, तो मारतो, दुसऱ्याने ट्रेड करायचा, बोर्ड ताब्यात घ्यायचा आणि मग उलटून मारायचं. दुसरे असाल आणि हात मंद असेल, तर फेस विसरा. दोघंही ‘मीच मारणार’ म्हणत राहिले तर सहसा आधी खेळणारा जिंकतो (प्रश्न ८).

१३. माझा आवडता अ‍ॅग्रो पत्ता दरवेळी नर्फ (मुद्दाम कमजोर) का होतो?

कारण पहिल्या टर्नचा पत्ता बिघडला की संपूर्ण मेटा (त्या काळात चालणाऱ्या डेकचं चित्र) बिघडतो. १० मनाचा पत्ता कितीही ताकदवान असो, तोवर काही डाव संपलेले असतात. ‘अंडरटेकर’ आठवा: एका मनाचा, आणि डेथरॅटल (मरताना काही करून जाणारा) मिनियन उतरला की अटॅक व हेल्थ दोन्ही एकेकाने वाढायचं. पहिल्या टर्नला आला की तिसऱ्यापर्यंत आटोक्याबाहेर. जानेवारी २०१५ मध्ये त्याची हेल्थ वाढणं बंद केलं. ‘पॅचेस द पायरेट’ डिसेंबर २०१६ मध्ये आला. कोणताही पायरेट खेळला की हा डेकमधून फुकट उतरायचा आणि लगेच मारायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये लगेच मारण्याची ताकद काढून घेतली. ‘मॅजिक’च्या स्टँडर्डमध्ये जून २०२५ मध्ये ‘मॉन्स्ट्रस रेज’ आणि ‘हार्टफायर हीरो’ हे लाल पत्ते बॅन झाले. दोन्ही एका मनाचे होते.

गेम बनवणाऱ्यांची अडचणही समजून घ्या. अ‍ॅग्रो मेला तर कंट्रोलवाले हळूहळू इतके आळशी डेक बांधतात की डाव संपता संपत नाही. त्यांना वेळेचं भान ठेवायला लावणारं कोणीतरी मेटात लागतं.

१४. एकामागून एक डाव होत राहतात, थांबताच येत नाही. काय करू?

डाव लहान असल्याने ‘अजून एक’ म्हणायला काही वाटत नाही, आणि हरल्याची चीड घेऊनच पुढचा डाव सुरू होतो. अशा वेळी मलिगनमध्ये (पहिला हात बदलताना) घाई होते, लेथल (डाव संपवणारा मार) मोजायचं राहतं. लागोपाठ तीन हरलात की उठायचं, हा नियम बहुतेकांना मानवतो. वेळेची मर्यादा घालण्यापेक्षा पराभवांची घाला. वेळ आपण सहज वाढवून घेतो.

१५. ज्या गेममध्ये लाइफच नसतं, तिथे अ‍ॅग्रो कसा?

सरळसरळ नसतोच, पण त्याचे नातेवाईक असतात. ‘मार्व्हल स्नॅप’मध्ये १२ पत्ते, ६ टर्न, तीन लोकेशन. सगळे डाव लवकरच संपतात, त्यामुळे वेगाचा फायदा उरत नाही. तिथला आक्रमकपणा स्नॅप करण्यात असतो: लवकर पैज दुप्पट करून समोरच्याला पळायला लावायचं. ‘ग्वेंट’मध्ये तीनपैकी दोन राउंड जिंकायचे असतात, पहिल्या राउंडमध्ये जोर लावून समोरच्याचे चांगले पत्ते बाहेर काढणं, ही त्या खेळातली आक्रमक चाल.

‘लेजेंड्स ऑफ रुनटेरा’मध्ये लाइफ आहे, २० च, पण हल्ल्याचा टोकन राउंडगणिक आलटून पालटून मिळतो. अ‍ॅग्रोवाल्याला दर राउंडला मारताच येत नाही. त्यामुळे रॅली, म्हणजे टोकन पुन्हा मिळवून देणारे पत्ते, तिथे सोन्याच्या मोलाचे.

१६. ‘यु-गि-ओ’मध्ये एका टर्नमध्ये डाव संपतो. तो सगळ्यात मोठा अ‍ॅग्रो म्हणायचा का?

वेगाने बघितलं तर हो, स्वभावाने नाही. त्या खेळात मना नाही, त्यामुळे चढती मांडणीच नाही. ‘मास्टर ड्युएल’मध्ये ८००० लाइफ पॉइंट एका टर्नमध्ये उडवणारे डेक पत्त्यांच्या साखळीवर चालतात; एक कडी तुटली की सगळं बसलं. तो कॉम्बो झाला. अ‍ॅग्रोचा प्रत्येक पत्ता एकटाही थोडं काम करतो. पहिल्या टर्नला तिथे हल्लाच करता येत नाही, म्हणून एका टर्नमध्ये संपवणारे डेक अनेकदा मुद्दाम दुसरे खेळतात.

नुसते बर्न स्पेल फेकणारा डेक मात्र अ‍ॅग्रोच्या घरातलाच. तो प्रत्येक पत्त्याकडे ‘हा किती नुकसान करतो’ एवढ्याच नजरेने बघतो.

१७. मला अ‍ॅग्रो खेळायचा नाही. फक्त त्याच्याकडून हरणं थांबवायचंय.

पहिल्या तीन टर्नना खेळता येतील असे पत्ते वाढवा आणि मलिगनमध्ये तेच शोधा. उशिरा येणारं लाइफ कामाचं नसतं असं नाही. २०१५ मध्ये आलेला ‘रीनो जॅक्सन’ सहाव्या मनाला हिरोचं लाइफ पूर्ण भरायचा आणि अ‍ॅग्रोवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवायचा. पण त्यासाठी सहाव्या टर्नपर्यंत जिवंत राहावं लागायचं. लाइफ १५ च्या आसपास आलं की ‘पुढच्या टर्नला हा जास्तीत जास्त किती मारू शकतो’ हे दर वेळी मोजा आणि त्या आकड्याच्या वर राहायला मना खर्च करा, पत्ते उचलायला नाही.

आणि एक आठवडा तोच डेक स्वतः खेळून बघा. कोणत्या पत्त्याने अ‍ॅग्रोवाल्याच्या पोटात गोळा येतो, हे त्याच्या खुर्चीत बसल्यावर पटकन कळतं. नंतर तुम्ही परत याल की तिथेच राहाल, ते सांगता येत नाही.